देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक : सुवर्णनाण्यांचा संग्रह आणि नोंदीचा प्रश्न

देवगिरीच्या यादवांचा इतिहास प्रामुख्याने शिलालेख, ताम्रपट व हेमाद्रीसारख्या ग्रंथकारांच्या लेखनाच्या आधारे सांगितला जातो. त्यांच्या सुवर्णनाण्यांकडे मात्र अध्यापकांपेक्षा संग्राहकांचेच लक्ष अधिक वेधले गेले. प्रस्तुत लेखात या नाण्यांचे स्वरूप आणि त्यांच्या संग्रहासंबंधीचा कायदा यांचा विचार केला आहे.

पद्मटंक हे सुमारे पावणेचार ग्रॅम वजनाचे, बशीसारखे किंचित खोलगट नाणे होय. मध्यभागी अष्टदल कमळ आणि भोवती राजाचे नाव, ‘श्री’ हे अक्षर, शंख यांसारखी चिन्हे असतात. ही सर्व आकृती एकाच साच्यातून उमटविलेली नसून प्रत्येक चिन्ह स्वतंत्र ठशाने ठोकलेले असते; नाण्याला खोलगटपणा येतो तो त्यामुळेच. साहजिकच एकाच राजाची दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात. सिंघण, कृष्ण, महादेव व रामचंद्र यांच्या नाण्यांत कोणता ठसा कोणत्या ठशाबरोबर येतो हे पाहून टांकसाळीच्या कामाचा क्रम लावता येतो. परंतु त्यासाठी एका ठिकाणी सापडलेली नाणी एकत्र राहिली पाहिजेत. सुटे झालेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने कितीही देखणे असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते अर्धे मुके होते.

आणि नाणी सुटी होतात, पुष्कळदा आटतातही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. न दिल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शासनाने ठेवा संपादित केल्यास मिळणारी रक्कम मात्र धातूचे मूल्य अधिक त्याचा एक पंचमांश एवढीच. दुर्मिळतेचा येथे विचारच नाही. अशा स्थितीत नांगराच्या फाळाला लागलेले नाणे कचेरीऐवजी सराफाकडे गेले, तर दोष केवळ शेतकऱ्याला देणे न्याय्य ठरणार नाही. डेन्मार्कमध्येही असा ठेवा राज्याच्याच मालकीचा असतो. परंतु तेथील राष्ट्रीय संग्रहालय मोबदला ठरविताना वस्तूची दुर्मिळता आणि शोधणाऱ्याने घेतलेली काळजी या दोहोंचा विचार करते. २०२० साली विंडेलेव्ह येथे एका हौशी शोधकास सापडलेले सुवर्णभांडार संग्रहालयापर्यंत पोहोचले, यामागे ही व्यवस्था आहे.

गोदाकाठच्या गंगापूर तालुक्यापासून देवगिरी दूर नाही. विहीर किंवा घराचा पाया खणताना काही सापडलेच, तर ते पुष्कळदा आधी गावातील शिक्षकाला वा महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखविले जाते. त्या वेळी कायद्याची माहिती देऊन तहसील कार्यालयाकडे पाठविणे हे पहिले काम. त्याबरोबरच गट क्रमांक, खोली, ज्या भांड्यात ठेवा होता त्याची खापरे, नाण्यांची संख्या व प्रत्येकाचे वजन टिपून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. नाणी रिठ्याच्या पाण्याने घासून उजळविण्याचा मोह मात्र टाळावा. ठशांच्या खाचांत अडकलेली माती हाही पुरावाच असतो.