औषधी अळिंबी आणि छापील शब्दाची जबाबदारी

अळिंबी आपल्या भागाला अपरिचित नाही. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की घाटनांदूर परिसरात बालाघाटच्या माळावर आणि उकिरड्याच्या कडेला भूछत्रे उगवतात. मुले त्यांना कुत्र्याची छत्री म्हणतात. सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळिंबी पिकवणारे शेतकरीही मराठवाड्यात आहेत. आता मात्र अळिंबी भुकटीच्या डब्यातून आणि कॅप्सूलच्या बाटलीतून घरात येऊ लागली आहे. रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स, चागा अशी तिची नावे. आणि मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व व्याधींवर ती गुणकारी असल्याचे दावे. असे दावे वाचून एखाद्याने चालू औषध बंद केले, तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही. म्हणूनच, या विषयावर लिहिताना व छापताना कोणते निकष पाळावेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या बाबतीत बौद्ध परंपरेतच एक उद्बोधक उदाहरण आहे, आणि योगायोगाने तेही अळिंबीशी निगडित आहे. पावा येथे चुंद कम्मारपुत्ताने भगवान बुद्धांना दिलेल्या अखेरच्या भोजनात 'सूकरमद्दव' नावाचा पदार्थ होता. तो नेमका कोणता? उदानाच्या अट्ठकथेत आचार्य धम्मपालांनी एकच उत्तर ठामपणे दिले नाही. काहींच्या मते ते मांस, काहींच्या मते बांबूचे कोंब, काहींच्या मते भूछत्र, तर काहींच्या मते रसायन, असे सर्व मत त्यांनी नोंदवले. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनीही १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात अट्ठकथांतील ही मते वाचकांपुढे ठेवून या प्रश्नाची चर्चा केली. जे निश्चित आहे ते निश्चित म्हणून आणि जे मतभेदाचे आहे ते मतभेदाचे म्हणून सांगणे, हाच प्रामाणिक संपादनाचा पहिला नियम होय.

दुसरा नियम कालाम सुत्तात आहे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले की, केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आदरणीय आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. आज त्यात 'मोबाइलवर आले' हेही धरावे लागेल. या कसोटीवर अळिंबीविषयीचा मजकूर पुढीलप्रमाणे पारखता येतो.

पहिली कसोटी नावाची. हिमालयात मिळणारी कीडाजडी आणि प्रयोगशाळेत वाढवून 'कॉर्डिसेप्स' म्हणून विकली जाणारी बुरशी या बहुधा भिन्न जाती असतात. एकीचे गुण दुसरीच्या नावे छापणे ही दिशाभूलच ठरते. म्हणून लेखात जातीचे शास्त्रीय नाव आणि तिचा कोणता भाग वापरला, हे असलेच पाहिजे.

दुसरी कसोटी पुराव्याची. प्रयोग काचपात्रातील पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर? माणसांवर झाला असल्यास किती जणांवर? लायन्स मेनविषयी जपानमधील एका अभ्यासाचा वारंवार दाखला दिला जातो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सौम्य स्मृतिदोष असलेल्या ५० ते ८० वयोगटातील ३० व्यक्ती होत्या. १६ आठवडे गोळ्या घेणाऱ्या गटाची चाचणीतील कामगिरी सुधारली. गोळ्या थांबवल्यावर ४ आठवड्यांत तो लाभ घटला. 'एका लहान अभ्यासात आशादायक परिणाम दिसला' असे यावरून लिहिता येते. 'विसराळूपणावर रामबाण' असे लिहिता येत नाही. रेशीबाबत तर कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये एकूण ३९८ व्यक्तींचा सहभाग असलेल्या पाच चाचण्यांचा आढावा घेतला. मधुमेहींमधील हृदयविकाराचे धोके कमी करण्यासाठी रेशी वापरण्यास या पुराव्यातून आधार मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

तिसरी कसोटी रूपाची व प्रमाणाची. जपानमध्ये १९७७ साली एका अळिंबीपासून काढलेल्या 'क्रेस्टिन' या अर्काला कर्करोगाच्या उपचारात मान्यता मिळाली, हे खरे. परंतु तो शुद्ध केलेला अर्क होता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मूळ उपचारांच्या जोडीला दिला जात असे. बाजारातील भुकटीला ते यश लावता येणार नाही. प्रथिनांचेही तसेच. 'अळिंबीत २० ते ३० टक्के प्रथिने' हा आकडा वाळवलेल्या अळिंबीचा असतो. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असून १०० ग्रॅममध्ये प्रथिने साधारण ३ ग्रॅमच भरतात.

चौथी कसोटी अपायाची. चागाची भुकटी सहा महिने रोज घेतलेल्या एका ७२ वर्षांच्या जपानी महिलेची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. चागात ऑक्झलेटचे प्रमाण मोठे असते. एका रुग्णावरून सरसकट नियम काढता येत नाही. तरीही लाभ सांगताना असा इशारा वगळणे योग्य नव्हे.

पाचवी कसोटी पैशाची. लेख लिहिणाराच माल विकणारा असेल, तर ते वाचकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. स्मरणिका जाहिरातींच्या आधारावर निघतात, हे आपण सारे जाणतो. परंतु १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय अधिनियमानुसार मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणताही भाग घेण्यास मनाई आहे. म्हणजे प्रश्न केवळ जाहिरातदाराचा उरत नाही, प्रकाशकाचाही होतो. जाहिरात लेखाच्या वेषात छापू नये, आणि असा दावा असलेली जाहिरात, देणगी कितीही मोठी असली तरी, नम्रपणे परत करावी.

वसतिगृहात राहून शिकलेली आपली मुले आज अनेक घरांतील पहिली वाचणारी पिढी आहेत. त्यांनी वाचून दाखवलेला शब्द आजी-आजोबा खरा मानतात. पुस्तकात छापले आहे, एवढ्यावर ते विश्वास ठेवतात. तो विश्वास फार कष्टाने मिळालेला आहे. घरात कोणी अशी भुकटी आणली, तर मुलांनी वरील पाच प्रश्न विचारावेत, चालू औषध बंद होऊ देऊ नये आणि तो डबा घेऊन अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना दाखवावा. सम्यक वाणी ही बोलण्यापुरती नाही. छापण्यालाही ती तितकीच लागू आहे.