निरोगी दिसणारें डुक्कर आणि अदृश्य जंतु

रोगी जनावर ओळखणें फारसें कठीण नसतें. तें खात नाहीं, कोपऱ्यांत पडून राहतें, त्याचें अंग तापतें. परंतु ज्या जनावरांत रोगाचें एकही चिन्ह दिसत नाहीं, त्याच्याच आंतड्यांत मनुष्यास बाधणारे जंतु असले तर काय करावें? साल्मोनेला नांवाच्या जंतूंनीं डुकरें पाळणाऱ्यांपुढें हाच प्रश्न उभा केला आहे.

या जातीचा एक जंतु इ. स. १८८५ च्या सुमारास अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ यांना ‘हॉग कॉलरा’ या साथीनें पछाडलेल्या डुकरांत सांपडला. माणसांच्या पटकीशीं या साथीचा संबंध नाहीं. स्मिथ यांचे वरिष्ठ, पशुवैद्य डॅनियल साल्मन, यांच्यावरून पुढें या जंतूंस नांव पडलें. हा जंतूच साथीचें मूळ होय, अशी तेव्हां समजूत झाली; पण इ. स. १९०३ मध्यें खरें कारण त्याहून कितीतरी सूक्ष्म असा विषाणु असल्याचें दिसून आलें. तथापि जंतु निर्दोष ठरला नाहीं. तो स्वतंत्रपणेंही डुकरांच्या पिलांस ताप व हगवण आणून ठार करूं शकतो.

विष्ठेनें बाटलेली जमीन, दूषित खाद्य व उंदीर यांच्याद्वारें हे जंतु पसरतात. पुष्कळ डुकरें आजारी न पडतांच ते बाळगून असतात. अशीं डुकरें गाडींत दाटीनें भरून नेलीं, म्हणजे भीतीनें व श्रमानें त्यांच्या विष्ठेंतून जंतु पुन्हा बाहेर पडूं लागतात, आणि कत्तलखान्याच्या आवारांत थोड्याच तासांत शेजारच्या डुकरांस लागण होते. कापतांना आंतडें फाटलें कीं मांसही दूषित होतें. असें मांस कच्चें राहिल्यास खाणाऱ्यास ताप, पोटांत कळा व जुलाब होतात. तान्ह्या मुलांच्या व वृद्धांच्या जिवावरही बेततें.

डेन्मार्कमध्यें इ. स. १९९३ सालीं डुकराच्या मांसापासून अशी साथ उद्भवली. तेव्हां त्या देशानें इ. स. १९९५ पासून कळपांची पद्धतशीर तपासणी आरंभिली. कत्तलखान्यांत मांसाचा लहानसा तुकडा घेऊन, तो गोठवून व वितळवून, निघालेल्या रसांत जंतूंविरुद्ध शरीरानें निर्माण केलेलीं द्रव्यें शोधण्यांत येत. त्यावरून कळपांच्या तीन पायऱ्या ठरविल्या, आणि सर्वांत दूषित कळपांची कत्तल वेगळी व विशेष काळजीनें करण्याचा नियम झाला. गोठे एकदम रिकामे करून धुणें व वाळविणें, तसेंच जाडसर दळलेलें खाद्य देणें, हे उपायही उपयुक्त ठरले आहेत.

तथापि शेवटचा पहारा स्वयंपाकघरांतच असतो. थंडीनें हे जंतु मरत नाहींत, केवळ त्यांची वाढ खुंटते. मांस आंतपर्यंत पूर्ण शिजलें म्हणजे मात्र ते मरतात. कच्च्या मांसाची सुरी न धुतां कोशिंबिरीस लावूं नये, व मांस हाताळल्यावर साबणानें हात धुवावे. डोळ्यांस जें दिसत नाहीं त्याविषयीं सावध राहण्यास शिकविणें, हेंच शास्त्राचें मोठें उपकारक कार्य होय.