खिडकीपलीकडचा मालक



गळीत हंगाम लागला की चितेगावच्या गट ऑफिसात एकच प्रश्न दिवसभर कानावर येतो : "साहेब, माझी तोड कधी?" पन्नासाव्या वेळी उत्तर देणाऱ्याचा आवाज चढतो. माझाही चढलेला आहे. एका हंगामात एका म्हाताऱ्या सभासदाला मी "प्रोग्राम लागला की कळेल" म्हणून वाटेला लावले. दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेलो, तर उसाला तुरा आलेला. ऊस होता खोडवा आणि आमच्या नोंदवहीत चढला होता लागण म्हणून. खोडवा लागणीच्या आधी पक्व होतो, म्हणजे त्यांची तोड आमच्या चुकीने मागे पडली होती. नोंदीखाली सही माझीच होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट पटली. माणसे जास्त येतात म्हणून काम कंटाळवाणे होत नाही. कारण न सांगता उत्तर दिले की होते.

तोडीचा क्रम ठरतो तो लागणीची तारीख, उसाची जात, लागण की खोडवा आणि पक्वता यांवर. पक्वता पाहायला हँड रिफ्रॅक्टोमीटर असतो. उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याचा रस थेंबभर काचेवर टाकून ब्रिक्स पाहायचा. शेंड्याचा आकडा बराच कमी भरला तर ऊस कच्चा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की तोडीला तयार. आता मी ते यंत्र सभासदाच्याच हातात देतो. एक डोळा मिटून तो आकडा वाचतो आणि म्हणतो, "आठ दिवस थांबू की मग!" भांडायला आलेला माणूस चहा पाजून जातो. या नोकरीतला आनंद म्हणतात तो हाच.

प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्याआधी विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा केले. दुकानाच्या खिडकीशी गिऱ्हाईक उभे असते. सहकारी कारखान्याच्या खिडकीशी मालक उभा असतो. हे आम्ही नोकरवर्गाने विसरू नये.

आपणही एवढे करा. नोंदीची पावती आजच काढून गट नंबर, लागणीची तारीख, जात आणि लागण की खोडवा हे तपासा. चूक दिसली तर लगेच सांगा. आणि तारीख मिळाली तरी तेवढ्यावर न थांबता कारण विचारा. कारण सांगताना आम्हालाही आपले काम नव्याने कळते.