शिरस्त्राणसंग्रह

युद्धात सैनिकांनी वापरलेली जुनी शिरस्त्राणे मिळविणे, त्यांचा काळ व मूळ निश्चित करणे आणि ती जतन करणे या छंदास शिरस्त्राणसंग्रह म्हणतात. चिलखते व शिरस्त्राणे जमविण्याची राजेरजवाड्यांची आवड जुनी असली, तरी सामान्य सैनिकाच्या पोलादी शिरस्त्राणाकडे संग्राहकांचे लक्ष विसाव्या शतकातच गेले.

मोगल व मराठा काळातील ‘खूद’ हे घुमटाकार असे. कपाळाशी खालीवर सरकणारी नासिकापट्टी, शिखरावर अणी, तुरा खोचण्यासाठी दोन नळ्या आणि मान व खांदे झाकणारी कड्यांची जाळी हे त्याचे घटक होत. पागोट्याखाली लोखंडी टोप घालण्याचीही चाल होती. १६५९ मध्ये अफजलखानाच्या भेटीस जाताना छत्रपती शिवाजी महाराजांनी असा टोप घातला होता, असे इतिहासकार नमूद करतात. महाराष्ट्रात जुनी शस्त्रे व चिलखते यांचे संग्रह मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३) येथे आहेत. मात्र अशा संग्रहांतून टिकलेले नमुने बहुधा सरदारांचे असतात. सोन्याच्या कोफ्तगरीमुळे ते जपले गेले. बारगिराचा साधा टोप लोखंडाच्या भावाने मोडीत निघाला. जुन्या शिरस्त्राणांवरून मराठा सैन्याची कल्पना करू पाहणाऱ्याने हा तोल ध्यानात ठेवावयास हवा.

बंदुकीपुढे निरुपयोगी ठरल्याने मागे पडलेले धातूचे शिरस्त्राण पहिल्या महायुद्धात परतले. खंदकात डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी होणाऱ्या जखमा हे त्याचे कारण. फ्रेंचांचे एड्रियन व इंग्रजांचे ब्रोडी ही शिरस्त्राणे १९१५ मध्ये, तर जर्मनांचे खोलगट शिरस्त्राण १९१६ मध्ये प्रचारात आले. ब्रोडी उथळ व रुंद कडेचे असून ते पुढे मँगॅनीजयुक्त पोलादाचे करू लागले. फ्रान्समधील खंदकांत लढलेले भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे रवाना झाले. पोलादी शिरस्त्राणांचे सरसकट वाटप होण्यापूर्वीची ही घटना असल्याने त्या पायदळाने तेथील बहुतेक लढाई फेट्यापागोट्यांतच केली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवरील मराठा पलटणींना १९३८ च्या सुधारित ब्रिटिश बनावटीची शिरस्त्राणे होती. याच आघाडीवर नाईक यशवंत घाडगे (१९४४) व शिपाई नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शीख सैनिकांनी मात्र पगडीच कायम ठेवली.

संग्राहकाचे खरे काम आतील बाजू वाचण्याचे असते. अमेरिकेच्या १९४१ च्या ‘एम–१’ शिरस्त्राणाचे बाहेरील कवच व आतील टोपी अलग होतात. ही शिरस्त्राणे युद्धकाळात दोन कोटींहून अधिक बनली. हनुवटीपट्ट्याच्या कड्या आरंभी कवचास पक्क्या जोडलेल्या होत्या. शिरस्त्राण आपटले की त्या तुटत, म्हणून १९४३ मध्ये हलत्या कड्या आल्या. कडेच्या पट्टीचा जोड १९४४ अखेर पुढून मागे नेण्यात आला. जर्मन शिरस्त्राणाची १९३५ ची दुमडलेली कड १९४२ मध्ये खर्च वाचविण्यासाठी तशीच बाहेर सोडली गेली. ठोकलेली मोहर, चामडी पट्ट्यांवरील शिक्के, रंगाचे थर आणि क्वचित आत लिहिलेले सैनिकाचे नाव यांवरून वस्तूचा प्रवास उलगडतो. युद्धानंतर कित्येक जर्मन कवचांना भोके पाडून चाळण्या केल्या गेल्या. अशी चाळण हाही इतिहासाचा अस्सल पुरावा होय. बाजारात मात्र तिची किंमत कमी येते.

या व्यवहारात बनावट मालाचा सुळसुळाट आहे. साध्या जर्मन कवचावर चिन्ह चिकटविले, की त्याची किंमत अनेक पटींनी वाढते. मूळ रंग खरवडून नवा देणे किंवा गंज घासून चकाकी आणणे यांनी तर पुरावाच कायमचा नाहीसा होतो, आणि हे नुकसान फसवणुकीपेक्षा हौसेने अधिक झाले आहे. विदर्भासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात चामडे तडकते आणि पावसाळ्यात कवच गंजते. म्हणून वस्तू कोरड्या, सावलीच्या जागी आधारावर ठेवावी. हनुवटीपट्ट्याने ती टांगू नये.

शिरस्त्राण आणि दारूगोळा यांत भेद न करणे जिवावर बेतते. वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. रिकामे भासणारे गोळ्याचे टरफल भंगारात दिसले, तरी त्यास हात न लावता पोलिसांस कळविणे हाच मार्ग आहे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान जुन्या वस्तूची खबर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. १९७२ च्या पुरावस्तूविषयक अधिनियमान्वये शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवानगीखेरीज देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातील शिरस्त्राणे आता ही कालमर्यादा ओलांडून गेली आहेत.

१९८० नंतर केव्हलारसारख्या तंतूंच्या शिरस्त्राणांनी पोलादाची जागा घेण्यास सुरुवात केली. भारतीय सेनेने कानपूरच्या एका कंपनीकडे सुमारे १,५८,००० संमिश्र शिरस्त्राणांची मागणी नोंदविली. त्यांचा पुरवठा २०१७ पासून सुरू झाला.