पोगोस्टेमॉन

पोगोस्टेमॉन ही तुलसी कुलातील (लॅमिएसी) सपुष्प वनस्पतींची एक प्रजाती आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ रने देफोंतेन यांनी १८१५ मध्ये ती प्रस्थापित केली. ग्रीक भाषेत ‘पोगोन’ म्हणजे दाढी व ‘स्टेमॉन’ म्हणजे पुंकेसर. फुलाबाहेर डोकावणाऱ्या चार पुंकेसरांवर बहुधा केसांचे झुबके असतात, त्यावरून हे नाव पडले. या कुलात पुष्पमुकुट सहसा द्वयोष्ठी (दोन ओठांसारखा) असतो. येथे मात्र त्याच्या चारही पाकळ्या जवळजवळ सारख्या दिसतात.

प्रजातीतील सर्वांत प्रसिद्ध जाती पो. कॅब्लिन, म्हणजेच पॅचुली. मॅन्युएल ब्लँको या स्पॅनिश धर्मगुरूंनी १८३७ मध्ये फिलिपाईन्समधून तिचे वर्णन केले, पण तिला पुदिन्याच्या प्रजातीत घातले. लागवडीत तिला क्वचितच फुले येत असल्याने फाटे लावूनच अभिवृद्धी करतात. वाळवलेल्या पानांचे वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून तेल काढतात. बहुतेक बाष्पनशील तेले मुरल्यावर बिघडतात, हे मात्र अधिक चांगले होते. पॅचुलॉल हा त्याचा मुख्य घटक होय. आज इंडोनेशिया या तेलाचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही पाने ठेवून त्या युरोपात पाठवीत. तेथे हा वासच अस्सल शालीची खूण ठरला.

भारतीय पॅचुली (पो. हेनिएनस) ही निराळी जाती असून व्यापारात दोहोंची बराच काळ गल्लत होत असे. मराठीत तिला ‘पाच’ म्हणतात. पो. बेंगालेन्सिस (फांगळा) हे पश्चिम घाटात आढळणारे उग्र वासाचे झुडूप आहे.

पाणथळ जागी वाढणाऱ्या, मंडलाकार पानांच्या जाती पूर्वी डिसोफिला या स्वतंत्र प्रजातीत मोडत. आता त्यांचा समावेश पोगोस्टेमॉनमध्येच होतो. पो. डेक्कनेन्सिस (जांभळी मंजिरी) त्यांपैकीच. पावसाळ्यात कास पठारावर कातळातील उथळ डबक्यांत तिचे जांभळे ताटवे फुलतात. पावसानंतर ही डबकी आटतात, त्यामुळे उगवण, फुलोरा व बीजधारणा एवढ्या अल्प काळातच उरकावी लागते. फुलोऱ्यातच झाडे पायदळी तुडवली गेल्यास बी धरण्याची त्या वर्षीची संधी हुकते.