हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनेक अरुंद धमन्यांवरील उपचार

प्रस्तावना :
हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या करोनरी धमन्यांपैकी एखादी धमनी रक्ताच्या गुठळीने एकाएकी बंद पडली, की त्या भागातील स्नायू मृत होऊ लागतो. अशा वेळी तातडीने अँजिओप्लास्टी करून ती धमनी मोकळी करणे व तेथे स्टेंट बसविणे हा सर्वमान्य उपचार आहे. तथापि, जवळजवळ निम्म्या रुग्णांत इतर धमन्याही अरुंद झालेल्या आढळतात. त्यांचे काय करावे, याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते.

मतभेदाचे स्वरूप :
इतर धमन्यांना त्याच वेळी हात लावल्यास शस्त्रक्रियेचा कालावधी वाढतो, रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण पडतो व नव्या गुंतागुंतीचा संभव असतो. म्हणूनच अमेरिकेतील २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांनी स्थिर रुग्णांत असे करू नये, असे म्हटले होते. उलटपक्षी, तशाच सोडलेल्या धमन्या पुढील झटक्यास कारण ठरू शकतात.

संशोधनाचे निष्कर्ष :
२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कम्प्लीट' या चाचणीत ३१ देशांतील ४,०४१ रुग्णांचा समावेश होता. एका गटात इतर धमन्यांवरही ४५ दिवसांच्या आत, स्वतंत्र टप्प्यात स्टेंट बसविण्यात आले. दुसऱ्या गटास केवळ औषधोपचार दिला गेला. सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा झटका यांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे ७.८ टक्के व १०.५ टक्के आढळले. हा लाभ प्रामुख्याने नवे झटके टळल्यामुळे झाला. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. २०२३ च्या 'फायर' चाचणीत ७५ वर्षे व त्यावरील १,४४५ रुग्णांतही संपूर्ण उपचार हितावह ठरला.

महत्त्वाचा अपवाद :
झटक्यामुळे रक्तदाब अत्यंत घसरून रुग्ण 'शॉक'च्या अवस्थेत गेला असल्यास चित्र वेगळे असते. २०१७ च्या 'कल्प्रिट-शॉक' चाचणीत सर्व धमन्यांवर एकाच वेळी उपचार केलेल्यांपैकी ५५.४ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले वा त्यांना डायलिसिससारखा उपचार लागला. केवळ बंद धमनी उघडलेल्यांत हे प्रमाण ४५.९ टक्के होते. अशा रुग्णाच्या बाबतीत प्रथम संयम राखणे हेच जीवरक्षक ठरते.

निवड कशी करावी :
प्रत्येक अरुंद धमनीला स्टेंटची गरज नसते. सत्तर टक्क्यांहून कमी अडथळा असल्यास अडथळ्याच्या अलीकडील व पलीकडील रक्तदाबाची तुलना केली जाते. हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी असल्यास रक्तपुरवठा अपुरा मानतात. मुख्य डाव्या धमनीतील विकार, किंवा मधुमेहासह तिन्ही धमन्यांतील गुंतागुंतीचे अडथळे असल्यास बायपासचाही विचार करावा लागतो.

समारोप :
बंद धमनी तत्काळ उघडावी, स्थिर रुग्णाच्या उर्वरित महत्त्वाच्या धमन्यांवर उपचार करावेत आणि शॉकमध्ये घाई टाळावी, असे या संशोधनाचे सार सांगता येईल. स्टेंट बसविला म्हणजे आजार संपला, असे मात्र नव्हे. नियमित औषधे, तंबाखूचा त्याग आणि रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण यांवाचून कोणताही उपचार अपुराच राहतो.