परसबागेतील मावा आणि पांढरी माशी

सन २००२ मध्ये सांगली परिसरातील उसावर आढळलेला लोकरी मावा पाहता पाहता सोलापूर जिल्ह्यातील फडांपर्यंत पोहोचला. वाढलेल्या उसात शिरून फवारणी करणे अवघड. शिवाय औषधाने माव्याबरोबर त्याचे शत्रूही मरत. ही कीड आटोक्यात येण्यात डिफा व मायक्रोमस या मित्रकीटकांचा वाटा मोठा होता.

हाच अनुभव शाळेच्या वा घरच्या परसबागेलाही लागू पडतो. चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसताच पंप हाती घेण्याची घाई करू नये. आधी पाने उलटून पाहावीत. ढालकिड्याची काळपट, काटेरी अळी पुष्कळांना कीड वाटते आणि बिचारी चिरडली जाते. वस्तुतः ती माव्यावरच जगते. मुंग्यांची रांग मात्र रोखावी, कारण गोड स्रावाच्या लोभाने त्या माव्याचे रक्षण करतात. युरिया देताना हात आखडता ठेवावा.

पांढऱ्या माशीची गोष्ट निराळी. तिच्यामुळे भेंडीवर केवडा रोग पसरत असल्याने थांबून चालत नाही. रोगट झाडे तत्काळ उपटावीत आणि पिवळे चिकट सापळे लावावेत. तरीही कीड वाढल्यास पाच टक्के निंबोळी अर्क सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावा. त्यासाठी निंबोळीची ५० ग्रॅम भरड पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी, एक लिटर द्रावण करावे व त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळावा. सोलापूरकडे कडुनिंबाला तोटा नाही. पावसाळ्याच्या तोंडी निंबोळ्या वेचून सावलीत वाळविल्या, की पुढील हंगामाची बेगमी होते.